जनरलच्या चरित्राचा शेवटचा परिच्छेद

आमच्या घरात एका जर्मन जनरलचं चरित्र सगळ्यांना पाठ होतं. आईलासुद्धा. तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ती मधेच म्हणायची, "बालपणापासून जनरल पहाटे उठत," आणि भावाच्या अंगावरची चादर ओढायची. जर्मनी कुठे, असं तिला विचारलं असतं तर तिने पळस्प्याच्या पलीकडे कुठेतरी हात केला असता. जनरल मात्र तिला नीट माहीत होता. तो पहाटे उठायचा, थंड पाण्याने आंघोळ करायचा आणि कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. "आपल्या आजोबांसारका," ती म्हणायची.

नाव लिहीत नाही. जनरलचं नाही, आणि ज्या सरांनी तो आमच्या घरात आणून बसवला त्यांचंही नाही. कामोठ्याच्या माणसाला नावाची गरज पडणार नाही. बाकीच्यांना नावाने काही फरक पडणार नाही.

सरांची पोलीस भरतीची अकॅडमी होती. आमच्याकडे जमिनी गेल्या, त्यांच्यावर सेक्टर उभे राहिले, आणि पोरांनी पुढे काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. एक तर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, नाहीतर भरतीसाठी पळायचं. बाबा ट्रेलर चालवायचे, म्हणून भाऊ पळायला लागला. गावाच्या कडेला एक मोकळं मैदान होतं, अजून कुठल्या बिल्डरची नजर न पडलेलं. तिथे रोज उजाडायच्या आत शंभरेक पोरं-पोरी गोळा व्हायची. वर्ग एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर भरायचा, आणि आत शिरलं की समोर जनरलचा फोटो. चपटी टोपी, उंच कॉलर, ओठ मिटलेले. फोटोला रोज ताजा हार. सर स्वतः सैन्यात अधिकारी व्हायला गेले होते आणि मुलाखतीतून परत आले होते, असं लोक सांगायचे. त्यानंतर कुठल्यातरी रद्दीवाल्याकडे त्यांना या जनरलवरचं एक जुनं पुस्तक मिळालं. तेव्हापासून सर जनरलसारखे चालायला लागले. पोरं त्यांना 'जनरल सर' म्हणायची, आणि सरांना ते आवडायचं.

अकॅडमीचा एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर गुरुपौर्णिमेला हॉल घेऊन कार्यक्रम व्हायचा. सरांची पाद्यपूजा, पाहुण्यांचं भाषण, आणि मग 'चरित्र'. सरांनी जनरलच्या आयुष्याचे परिच्छेद पाडले होते. रांगेतल्या प्रत्येकाने पुढे यायचं, आपला परिच्छेद माइकवर म्हणायचा आणि मागे सरकायचं. पहिल्याने जन्म, दुसऱ्याने शाळा, तिसऱ्याने पहिल्या महायुद्धातलं पदक, असं करत करत रणगाडे, बर्फ, विजय. एक शब्द इकडेतिकडे चालायचा नाही. जुने विद्यार्थी, वर्दीतले, सुट्टी टाकून यायचे. त्यांतल्या कुणी 'माझा परिच्छेद द्या' म्हटलं की आत्ताच्या पोराने मुकाट्याने बाजूला व्हायचं आणि जुन्याने तो म्हणायचा. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा नियम सरांनीच केलेला. वर्दीतला हवालदार छाती काढून लहानपणचा परिच्छेद म्हणतोय, हे बघून पालक पुढच्या वर्षाची फी भरायचे.

भावाला शेवटचा परिच्छेद मिळाला होता. तो सगळ्यात मानाचा. आम्ही सगळे हॉलमध्ये गेलो होतो, बाबासुद्धा एक खेप सोडून आले होते. त्याच्या आधीच्या मुलीने म्हणताना 'पश्चिमेकडून'च्या जागी 'पूर्वेकडून' म्हटलं. पाहुणे टाळ्या वाजवत होते. सर पुढच्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत, तिथूनच गरजले, "चूक. पुन्हा." टाळ्या अर्ध्यात राहिल्या. मुलीने पुन्हा म्हटलं, रडवेल्या आवाजात. पाहुणे हातावर हात ठेवून बसून राहिले. बाजूच्या बाईने आईला सांगितलं, "आता एवडं काय, पोरीच्या जातीला." आई म्हणाली, "शिस्त हाय." तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक होतं.

मग भाऊ पुढे आला आणि त्याने म्हटलं. हा परिच्छेद सरांच्या स्वतःच्या लेखणीतला होता, कुठल्या पुस्तकातला नव्हता. मला तो अजून पाठ आहे.

"जनरल मैदानावर नसले तरी जनरलची नजर मैदानावर असे. जनरलच्या हुकमाशिवाय एक पाऊल पुढे पडत नसे, एक पाऊल मागे येत नसे. सैनिक उभा राहिला तो जनरलच्या हुकमाने, सैनिक पडला तोही जनरलच्या हुकमाने. जय हिंद."

टाळ्या पडल्या. बाबांनी डोळे पुसले. ट्रेलर चालवणारा माणूस, एरवी बंदरावरच्या रांगेत दिवसच्या दिवस शिव्या खात उभा राहणारा.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात चुलत भावाची हळद होती. आमच्या आगरी लोकांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. त्या रात्री जो नाचला नाही त्याची गणती भावकीत होत नाही, आणि सख्ख्या चुलत्याच्या घरची हळद टाकून झोपायला गेलेल्याला पुढे कुणी पाणी विचारत नाही. भाऊ आणि आमच्याच गावातले त्याचे चार मित्र नाचले. सकाळी मैदानावर उशिरा पोचले, अंगाला हळद तशीच.

सरांना आमच्या हळदीचा राग होता. "या डीजेनेच तुमची जमात बुडवली," हे ते वर्गात कितीदा बोलले होते. (आमची जमात जमिनी घेणाऱ्यांनी बुडवली. पण तो दुसऱ्या पत्रकाचा विषय.) त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. बाकीची पोरं सकाळी घरी गेली. या पाच जणांना थांबवून ठेवलं आणि ऊन वर आल्यावर पळायला लावलं. पाणी नाही. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. खाडीवरून दमट हवा येते, घाम सुकत नाही, अंग आतून शिजतं.

शिट्टी वाजली नाही. भाऊ पडला. पडल्यावर उठला, परत पळाला, परत पडला. मित्रांनी त्याला रिक्षात घालून आणलं तेव्हा तो बरळत होता, आणि संध्याकाळी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटून त्याचं विष रक्तात गेलंय, मूत्रपिंडं बंद पडलीत. डायलिसिसवर ठेवलं. आठवडाभर आम्हाला कळत नव्हतं की तो राहतो की जातो.

तो राहिला. पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. मीठ बंद, सुकी मच्छी बंद, जड काही उचलायचं नाही, पळायचं तर नावच नको. डॉक्टरांनी भरतीबद्दल विचारल्यावर नुसती मान हलवली. आई हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून म्हणाली, "सुकट खाल्ल्याबिगर हा जगंल कसा?" ती रडत नव्हती. तिला खरंच तो प्रश्न पडला होता.

मला दुसरा प्रश्न पडला होता. हुकूम कुणाचा?

सरांनी तो प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. ते हॉस्पिटलात आले, शहाळं घेऊन. बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "मी मैदानावर नव्हतोच. कॅप्टनने परस्पर पळवलं. पोरगं उत्साही आहे. मी त्याला काढून टाकलंय." कॅप्टन म्हणजे अकॅडमीतला सगळ्यात जुना मुलगा, सकाळची कवायत घेणारा. बाबांनी मान डोलावली. मोठ्या माणसाने स्वतः येऊन सांगितलं की मान डोलवायची, ही आमच्या बापांची पिढी. तशीच मान डोलवून त्यांनी जमिनीही दिल्या.

मी पोलीस चौकीत गेले. समोर बसलेला हवालदार सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने मला चहा पाजला. "ताई, सर देवमाणूस आहेत," म्हणाला. "आणि तुम्ही त्या पत्रकवाल्या ना? पाण्याच्या मोर्चातल्या?" पेन त्याने उघडलंच नाही.

भावाच्या चारही मित्रांना भरती व्हायचं होतं, म्हणून त्यांनी काही बघितलं नव्हतं. मग मी कॅप्टनला शोधलं. तो पळस्प्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथल्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसायला लागला होता. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्याने मला बघितलं आणि गल्ला दुसऱ्याकडे देऊन बाहेर आला.

"शिट्टी माझ्याकडं नव्हती, ताई," तो म्हणाला.

"मग?"

"सरांच्या गाडीत होती. डॅशबोर्डवर. गाडी मैदानाच्या बाहेर लावलेली, झाडाखाली, काचा वर, एसी चालू. मी दोनदा गेलो. म्हटलं, सर, बास करू, पोरगं पडतंय. त्यांनी काच एवढीशी खाली केली." त्याने बोटांनी चिमूट दाखवली. "म्हणाले, जनरलकडं असं विचारायला गेला असतास काय?"

"मग हे चौकीत सांग."

त्याने हायवेकडे तोंड फिरवलं. कंटेनर जात होते. "माझं अजून भरतीचं वय हाय, ताई. दोन वर्षं."

मला राग आला होता, पण तो त्याच्यावर काढला असता तर सरांचंच काम झालं असतं.

मी तेव्हा एका संघटनेत काम करायचे. पनवेलच्या जुन्या बाजारात शिंप्याच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तिथल्या काकांनी मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. पहिल्याच ओळीत सांगायचं, कुणी केलं. विशेषणं काढायची. शेवटी मागणी. मागणी नसलेलं पत्रक म्हणजे शिवी, असं काका म्हणायचे. पाणी, रस्ता, प्रकल्पग्रस्तांचे दाखले, सगळ्यावर मी पत्रकं लिहिली होती आणि स्टँडबाहेर उभं राहून वाटली होती. ती लोकांनी भेळेला वापरलेली पण बघितली होती. या वेळी ठरवलं की भेळेला वापरता येणार नाही असं पत्रक लिहायचं.

सरांवर थेट लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच चौकीतून बोलावणं आलं असतं. मग मी जनरलवर लिहायचं ठरवलं. इंटरनेटवर बसले, डिक्शनरी घेऊन. सरांचं चरित्र जिथे संपायचं तिथून पुढे वाचायला सुरुवात केली. आणि कपाळाला हात लावला.

सरांचं चरित्र विजयावर थांबत होतं. जनरल काही तिथे थांबला नव्हता. त्याने जिंकलेल्या मुलखात गावं जाळली गेली होती. त्याच्या ताब्यातले कैदी बर्फातून मैलोन्‌मैल चालवले गेले, पोटात अन्न नाही, आणि जो पडला त्याला तिथेच टाकून रांग पुढे गेली. पडायचं, उठायचं, चालायचं, पडायचं. हे मी वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. बर्फ असो की मे महिना, करणाऱ्याची जात एकच. युद्ध हरल्यावर खटला चालला. तिथे हा शिस्तीचा पुतळा काय म्हणाला? म्हणाला, वरून आलेला हुकूम मी खाली दिला, आणि खालच्यांनी काय केलं ते मला माहीत नव्हतं, मी तिथे नव्हतो. म्हणजे सगळ्या लढाया मी जिंकल्या, पण मेलेले मी मारले नाहीत. शिक्षा झाली, आणि तब्येतीच्या कारणाने थोड्याच वर्षांत सुटका. त्याची तब्येत नंतर चांगली ठणठणीत राहिली. आठवणी लिहिल्या, त्या खपल्या. जुने अधिकारी त्याच्या वाढदिवसाला जमायचे. स्वतःच्या पलंगावर मेला, म्हातारा होऊन, आणि शवपेटीवर तलवार ठेवून नेला. त्याच्या चुकीच्या दिवशी त्याला 'पुन्हा' म्हणणारा कुणी नव्हता.

याचा मला फार राग आला. भावाचा राग तर होताच, पण हा वेगळा. हा माणूस सुटला. जर्मनीत सुटला आणि कामोठ्यात त्याला हार. म्हटलं, ते माझ्या हातात नव्हतं. इथला सुटू द्यायचा नाही.

पत्रक लिहिलं. शीर्षक: 'जनरलचं उरलेलं चरित्र.' सरांचा, अकॅडमीचा, भावाचा कुठेही उल्लेख नाही. फक्त जनरल, तारीखवार, कोरडं. काकांनी चष्मा वर करून वाचलं.

"मागणी कुठेय?"

"मागणी एकच. हुकूम कुणाचा होता ते त्यांनी माइकवर सांगावं."

"ती यात नाही लिहिलेली."

"लिहिली तर कळेल कुणावर आहे."

काकांनी कागद परत दिला. "म्हणजे हा सूड आहे."

"सूड तर सूड."

"कर. पण सुडाची छपाई संघटना करत नाही."

मी झेरॉक्स काढल्या. त्या वर्षीची गुरुपौर्णिमा हॉस्पिटलच्या खेपांत गेली होती; पुढच्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला हॉलच्या दारात वाटायच्या, असं ठरवलं. त्याआधी भावाला दाखवल्या. तो तेव्हा घरीच असायचा. पहाटे मात्र सवयीने जागा व्हायचा आणि ओटीवर बसून मैदानावरच्या शिट्ट्या ऐकायचा. आमच्या घरापर्यंत ऐकू यायच्या त्या.

त्याने सगळं वाचलं. "चांगलं लिवलंस," म्हणाला. "पण व्हनार काय? सर बोलतील, शत्रूनी लिवलेला इतिहास. पालक कागद घडी करून खिशात घालतील."

"मग काय करायचं? गप्प बसायचं?"

"कनाला गप्प?" तो पहिल्यांदा हसला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "ताय, त्या मानसाला सगलं सोसतं. पडलेला पोर सोसतो. पन चरित्रातली चूक सोसत नाय. ती पोर आठवते ना तुला? 'पूर्वेकडून'वाली?"

मी हातातला कागद खाली ठेवला.

"शेवटचा परिच्छेद माजा हाय," तो म्हणाला. "मागितला त द्यायलाच लागंल. रूल हाय."

मला लाज वाटली नाही, उलट अभिमान वाटला. सूड कसा घ्यायचा हे मी वर्षभर कागदावर शोधत होते आणि या पोराने ओटीवर बसून शोधलं. आईला आम्ही काही सांगितलं नाही. बाबांनाही नाही. भावाने आठवडाभर ओटीवर बसून सराव केला, चुकीचा परिच्छेद बरोबर पाठ केला. आई आतून ऐकायची. एकदा म्हणाली, "असा नव्हता रं त्यो." भाऊ म्हणाला, "आता असाच हाय, आये."

हॉल भरलेला. पुढे सर, ब्लेझरमध्ये, पायांना पाद्यपूजेचं कुंकू लागलेलं. शेजारी पाहुणे, वर्दीतले मोठे अधिकारी, सरांच्या पहिल्या बॅचचे. मी मागच्या भिंतीपाशी, पिशवीत पत्रकं. दाराशी मला कॅप्टन दिसला. त्याला कुणी कळवलं होतं ते मला माहीत नाही. भावाने कळवलं असणार.

चरित्र सुरू झालं. जन्म, शाळा, पदक. दोन वर्दीवाल्यांनी आपापले परिच्छेद मागून घेतले, टाळ्या पडल्या. शेवटच्या मुलाची पाळी आली तेव्हा भाऊ उठला. साधा शर्ट, बारीक झालेला, चालताना जरा दमत. मंचावर जाऊन त्या मुलाला म्हणाला, "माझा परिच्छेद दे." मुलाने सरांकडे बघितलं. सरांनी क्षणभर भावाकडे बघितलं. मग समोरच्या गर्दीकडे. हातानेच खूण केली, दे. त्यांना वाटलं असणार, पोरगं माफी घेऊन आलंय. आजारातून उठलेला विद्यार्थी येऊन गुरूचा परिच्छेद म्हणतो, याच्याएवढी चांगली जाहिरात नाही.

भावाने माइक खाली केला.

"जनरल मैदानावर नसत, तेव्हा मैदानावर काय चालतं ते त्यांना माहीत नसे."

"चूक," सर खुर्चीतून म्हणाले. विचार न करता. शिंक यावी तसं. "पुन्हा."

भाऊ नेटाने उभा. "जनरल मैदानावर नसत, तेव्हा हुकूम कॅप्टन देत असे. सैनिक पडला तो कॅप्टनच्या—"

"चूक." आता सर उठले. सगळ्या हॉलसमोर त्यांच्या हातचा परिच्छेद वाकडा होत होता. मंचावर चढून त्यांनी माइक स्वतःकडे ओढला. "तू शेवटचा परिच्छेद विसरलास? नजर मैदानावर असे. हुकमाशिवाय एक पाऊल पडत नसे. पुन्हा म्हण."

"कुणाच्या हुकमाशिवाय, सर?"

"जनरलच्या."

"आणि पडला तो?"

"तोही जनरलच्या हुकमाने."

"कॅप्टनच्या नाही?"

"कॅप्टनची काय बिशाद आहे," सर म्हणाले. माइकवर. हॉलमध्ये कुणीतरी हसलंसुद्धा.

भावाने मान डोलावली, शिकलेल्या पोराने डोलवावी तशी. माइक परत घेतला आणि सगळा परिच्छेद म्हटला, एक शब्द न चुकता, जय हिंदपर्यंत. आणि मग, त्याच आवाजात, चरित्राच्याच चालीत म्हणाला, "मे महिन्यात हळदीच्या दुसऱ्या दिवशी पाच सैनिक भर उन्हात पळत होते. त्यांतला एक पडला. जनरल गाडीत होते. शिट्टी डॅशबोर्डवर होती."

सरांचा चेहरा तेव्हा बदलला. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांना तेव्हा कळलं. मी तो चेहरा नीट बघून घेतला. त्यासाठी मी वर्षभर थांबले होते, आणि मी तो परत परत आठवते. वाईट वाटत नाही.

"बस खाली," सर म्हणाले, पण माइक भावाच्या हातात होता. पाहुणे स्वतःच्या बुटांकडे बघत होते. पुढून तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. तिची मुलगी मंचावर रांगेत उभी होती. बाईने विचारलं, "ह्यो मुलगा कवा पडलेला, सर? आमाला तर बोललात पोरगा कावीळ होऊन गेला सोडून." दारातून कॅप्टन म्हणाला, "मागच्या वर्षीच्या मे महिन्यात, काकू. मी होतो तिथं." एवढंच. त्याच्या भरतीच्या वयाचं एक वर्ष अजून शिल्लक होतं.

बाईने मुलीला हाताला धरून मंचावरून खाली उतरवलं. तिच्यामागून दुसरी. मी दारात जाऊन उभी राहिले आणि पत्रकं वाटली. त्या दिवशी एकानेही कागद टाकला नाही. लोक हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहून जर्मन जनरलचं उरलेलं चरित्र वाचत होते, आणि कुणालाही विचारायची गरज पडत नव्हती की हे कुणावर आहे. ते सरांनीच त्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात सर घरी आले. पेढे घेऊन. आईने पाणी दिलं, कारण आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं. पेढ्याचा खोका तिने हातात घेतला नाही, तो ओटीवरच राहिला. सर म्हणाले, भावाला अकॅडमीत घेतो, ऑफिस सांभाळेल, पगार देतो. भाऊ म्हणाला, "न्हावा शेव्याला गेटपासचं काम बघतोय मी, सर. सावलीत हाय."

मग मी विचारलं, "हुकूम कुणाचा होता?"

सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माझा," म्हणाले. हळू. "पण हेतू..."

"हे माइकवर म्हणा," मी म्हटलं. "घरात काय, घरात सगळेच म्हणतात."

त्यांनी आईकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, आई मध्ये पडेल. पोरीच्या जातीने मोठ्या माणसाशी असं बोलू नये, असं काहीतरी म्हणेल. आई म्हणाली, "पुढच्या पुरनीमंला म्हना. आमी येऊ."

सर गेले. पेढे कुत्र्याने खाल्ले.

अकॅडमी बंद पडली नाही. असल्या गोष्टी बंद पडत नाहीत, पोरांना पळायला दुसरी जागा नाही. पण निम्मी पोरं गेली. मैदानाच्या कडेला आता पाण्याचं पिंप असतं आणि गाडी मैदानात आत उभी असते, काचा खाली. वर्गातला फोटो उतरला. भिंतीवर त्याच्या आकाराचा जरा उजळ चौकोन राहिला, त्यावर आता कॅलेंडर आहे. चरित्र त्यांनी बंद केलं. गुरुपौर्णिमेला नुसती पाद्यपूजा आणि भाषण.

आम्ही मात्र जातो. दर वर्षी. आई ठेवणीतली साडी नेसते, भाऊ गेटवरून अर्धी सुट्टी टाकतो, मी पिशवी घेत नाही. पुढच्या रांगेत बसतो. माजी विद्यार्थ्याने जागा मागितली तर नाही म्हणता येत नाही, रूल आहे. सर भाषणाला उभे राहतात, माइक हातात घेतात आणि त्यांची नजर आमच्यावर येते. तेव्हा भाऊ जरासा पुढे सरकून बसतो, ऐकायला. सर घसा साफ करतात. पाहुण्यांचे आभार मानतात, हॉलवाल्याचे मानतात, पालकांचे मानतात. भाषण लांबतं. आम्हाला घाई नाही.

मागच्या वर्षी ते बोलता बोलता थांबले. माइक तोंडाशी, ओठ मिटलेले, त्या फोटोतल्यासारखे. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज. मला वाटलं, आता. पण त्यांनी 'जय हिंद' म्हटलं आणि ते खाली बसले.

आई घरी येताना रिक्षात म्हणाली, "चुकला."

भाऊ म्हणाला, "पुन्हा."